फौजदाराचं कोपर

कोपर मावशींच्या हाताला गरम लागलं. त्यांनी हात बदलून पाहिला. मग मुलीचं दुसरं, न मोडलेलं कोपर चाचपलं. ते थंड होतं. पुन्हा डावं धरलं, तर ते गरमच.

"काय झालं?" आजोबांनी स्टुलावरून विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाल्या. जिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या 'काही नाही'च्या मागे काय आहे ते शोधण्यात गेलं, त्या बाईने स्वतः ते इतक्या सराईतपणे म्हणावं, याची त्यांना तिथल्या तिथे चीड आली.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, लहान मुलांच्या व्यायामाच्या खोलीत त्या कित्येक वर्षं आखडलेले हातपाय मोकळे करत होत्या, म्हणून मुलांनी त्यांचं नाव वाकवमावशी ठेवलं होतं. हे नाव ठेवणारी पोरं केव्हाच मोठी झाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. खोलीत फरशीवर निळ्या गाद्या, भिंतीला लाकडी शिडी, कोपऱ्यात रबरी चेंडूंची टोपली आणि खाटेशेजारच्या भिंतीवर सहा गोल तोंडांचा तक्ता. पहिलं तोंड खुशीत हसणारं, शेवटचं ढसाढसा रडणारं, मधली चार चढत्या भाजणीने. मूल ज्या तोंडावर बोट ठेवेल, त्या बेताने मावशी वाकवायच्या.

खाटेवरची मुलगी आठ वर्षांची होती. बागेतल्या दोरीच्या जाळीवरून पडून तिचं कोपर मोडलं. तारा घातल्या, तारा काढल्या, प्लॅस्टर निघालं, आणि हात अर्धा वाकलेला होता तसाच राहिला. आजोबा तिला फौजदार म्हणत. का म्हणतात ते पहिल्याच दिवशी कळलं. आल्या आल्या तिने खोलीची झडती घेतली, टोपलीतला एक चेंडू फुटका असल्याचं मावशींच्या नजरेस आणलं, आणि मग कमरेवर एक हात ठेवून विचारलं, "तू दुखवतेस का?"

"मी वाकवते. दुखलं तर तू सांगायचं, मी लगेच थांबते."

"नक्की?"

"नक्की."

एवढ्यावर कुणी निर्धास्त झालं असतं, पण मावशी कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. नुसता तक्ता टांगून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मुलं दुखण्याऐवजी आवडीच्या तोंडावर बोट ठेवतात. एक मुलगा रोज न चुकता रडकं तोंड दाखवायचा; का, तर त्यातल्या अश्रूंचा निळा रंग त्याच्या सायकलसारखा होता. म्हणून मावशी प्रत्येक नव्या मुलाची आधी परीक्षा घेत. डास चावला, केसांचा गुंता ओढला गेला, गुडघा खरचटला, बोट दारात चेमटलं, अशी चित्रं पुढ्यात टाकायची आणि सांगायचं, कमी दुखण्यापासून जास्त दुखण्यापर्यंत लाव. मग विचारायचं, ओढल्यासारखं दुखतं ते कोणतं, टोचल्यासारखं कोणतं. ज्याला हे जमलं, त्याच्या बोटावर विश्वास ठेवायचा. ज्याला नाही जमलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघत काम करायचं.

फौजदार या परीक्षेत नुसती पास झाली नाही, तिने परीक्षकालाच घाम फोडला. "डास एक की शंभर? शंभर असतील तर त्यांना गुडघ्याच्या वर ठेवावं लागेल." मावशींनी एक डास मंजूर करून घेतला. मग तिने चेमटलेल्या बोटाचं चित्र बराच वेळ हातात धरलं.

"दार कुणी लावलं?"

"कुणी का लावेना!"

"असं नाही. आपल्यातल्याच कुणी चुकून लावलं असेल, तर ओरडता येत नाही. मग ते वेगळं दुखतं."

मावशी खळखळून हसल्या. आजोबांना म्हणाल्या, तुमची नात उद्या आमच्या खुर्चीवर बसणार बरं का. आजोबाही हसले, पण जरा उशिराने. मावशींनी त्या उशिराकडे लक्ष दिलं नाही. हुशार मुलगी मिळाल्याच्या आनंदात होत्या त्या.

तेव्हापासून फौजदाराचं बोट रोज पहिल्या, हसऱ्या तोंडावर. आजोबा स्टुलावर बसून तिला हसवत. "कोपराला गूळ लावू का गं? चाटायच्या नादात आपोआप वाकेल." ती म्हणे, "आजोबा, स्वतःचं कोपर कुणालाच चाटता येत नाही, उगाच आमिष दाखवू नका." सुरुवातीला हात खरंच मोकळा होत गेला. मावशी रोज थोडं पुढे नेत. दुखत नाही म्हणते ना, मग आणखी थोडं. पुढे हात एका जागी अडला. मावशींनी आणखी थोडा जोर लावला. कधी कधी मोज्यातली तिची पावलं आखडून घेतलेली दिसायची, श्वास मध्येच थांबायचा. "गुदगुल्या होतात," ती म्हणे, आणि बोट हसऱ्या तोंडावर.

आणि आज कोपर गरम होतं. मावशींनी कोन मोजायची पट्टी लावली. हात गेल्या आठवड्यापेक्षा कमी वाकत होता. त्यांनी पट्टी काढून पुन्हा लावली, जणू पट्टीचीच चूक असावी.

लहान मुलाच्या कोपराशी बळजबरी करायची नाही, हे मावशी शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी बजावत. ते जबरदस्तीने वाकवलं की आतला स्नायू दुखावतो, आणि नको तिथे, मांसातच, हाड धरू लागतं. तसं धरलं की सांधा कायमचा अडकू शकतो. वेणी घालणं, घास तोंडात घेणं, सगळं एका हाताचं. हे सांगताना मावशींचा आवाज चढायचा. आणि आता त्यांच्याच हाताखाली ते कोपर तापलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणखी काय!

पण मी बळजबरी कुठे केली, त्यांनी मनाशी वाद घातला. ती तर हसरं तोंड दाखवत होती.

"फौजदार, खरं सांग. मी वाकवते तेव्हा दुखतं?"

"नाही." बोट हसऱ्या तोंडावर.

मग विचारण्यात अर्थ नव्हता. मावशींनी तिला आजोबांबरोबर एक्स-रे काढायला पाठवलं. दोघं परत येईपर्यंत त्यांनी तीच गादी चार वेळा झटकली.

हाडांचे डॉक्टर फोटो घेऊन स्वतःच खाली आले. एरवी ते खाली येत नसत. दोघं दाराशी उभं राहून हळू आवाजात बोलले.

"पुसट सावली आहे इथे," डॉक्टर म्हणाले. "मी तिला अजून हाड म्हणणार नाही. विरेल, नाहीतर घट्ट होईल. आज सांगता येत नाही. ढकलणं पूर्ण बंद. ती स्वतःहून वाकवेल तेवढंच, आणि तेही दुखायच्या आत. थोडं जरी दुखलं तरी थांबायचं. आता सगळा हवाला तिच्या सांगण्यावर. दुखणं नीट सांगते ना ती?"

"परीक्षेत पास झाली होती," मावशी म्हणाल्या, आणि हे शब्द त्यांच्याच कानाला इतके हास्यास्पद वाटले की त्यांनी मान खाली घातली.

"आईला बोलवून घ्या," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

आईला फोन केला. कामावरून निघते म्हणाली. तिचा आवाज ऐकून मावशींना कळलं की ती रस्ताभर एकेकाला जाब विचारायची तयारी करत येणार. विचारू दे. पहिला नंबर माझाच, मावशींनी ठरवलं. पण जाब देऊन कोपर सुटणार नव्हतं. ही पोर खोटं का बोलते ते कळलं नाही, तर उद्यापासून ती एकटीच स्वतःचं कोपर मोडत राहणार, हसरं तोंड दाखवत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड तिचं तिनेच दाबलं होतं, आणि का, ते मावशींना काही केल्या उमगत नव्हतं.

"आज तू वाकवणार नाहीस?" फौजदाराने विचारलं.

"नाही."

"मग मी वाकवते." ती खाटेवरून उतरली आणि आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, खाटेवर बसा. तुमचा खांदा बघते."

आजोबांचा उजवा खांदा आखडलेला होता, हे मावशींनी पाहिलं होतं. कोट घालताना ते डाव्या हाताने उजवी बाही ओढत. पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या मुलांचं खातं सांभाळत होत्या, म्हाताऱ्यांचं नाही. आज त्यांनी थांबवलं नाही. वेळ तर काढायचाच होता.

"हं," फौजदार म्हणाली. तिने चांगल्या हाताने आजोबांचं मनगट धरलं आणि अगदी मावशींच्या थाटात हळूहळू वर उचललं. "दुखलं तर सांगायचं, मी लगेच थांबते. कोणतं तोंड?"

आजोबांनी डाव्या हाताचं बोट हसऱ्या तोंडाकडे केलं.

तिने हात आणखी वर नेला. "आता?"

"तेच. मस्त मोकळा वाटतोय."

"खोटं."

"अगं, खरंच."

"खोटं! तुमचे पायाचे अंगठे वळलेत." आजोबांच्या पायांत उघड्या चपला होत्या, आणि अंगठे खरोखरच चपलेच्या तळव्यात रुतले होते. "श्वासपण धरलाय. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? रोज झोपताना गुपचूप मलम लावता!" तिचा आवाज चिरका झाला. "तुम्ही असं खोटं बोललात तर मला कळणार कसं, कुठे थांबायचं ते? मी वाकवत राहीन ना! आणि मग तुटलं तर?"

शिडीवर लोंबकळणारा एक बुटका पोरगाही वळून बघू लागला. फौजदाराने आजोबांचा हात जपून, दोन्ही हातांनी खाली ठेवला. दुखरा हात पुढे करताना तिच्या ओठांची कड आत ओढली गेली, आणि या खेपेला मावशींनी ती पाहिली.

मावशी तिच्यासमोर गादीवर बसल्या. "फौजदार, मला तरी कसं कळणार होतं?"

आधी तिने दाराकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मग मावशींच्या कानाशी येऊन, पण आजोबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आई फोनवर पप्पांना म्हणाली, हिला आता आणखी काही त्रास झाला ना, तर बाबांना, म्हणजे आजोबांना, काकांकडे पाठवून देऊ. त्यांच्याकडून होत नाही आता. मग मी ठरवलं, त्रास नाही व्हायचा."

काका दुसऱ्या शहरात राहत. आजोबा खाटेच्या कडेवर तसेच बसून राहिले. "मी त्या दिवशी बागेत बाकावर होतो," ते मावशींना म्हणाले, कुणी विचारलं नसताना. "पेपराचं पान उलटलं, एवढंच. मान वर केली तर ही खाली." मग म्हणाले, "मला वाटायचं, देवाची कृपा, पोरीला दुखत नाही. तिला हसवत होतो मी. इथे बसून हसवत होतो."

मावशींना ते दारात चेमटलेलं बोट आठवलं. पोरीने तर पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. दुखणं काय असतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. 'दुखतं' म्हटल्यावर घरातल्या कुणाचं काय होतं, तेही तिला ठाऊक होतं, आणि मावशींनी परीक्षेत तो प्रश्नच घातला नव्हता. शंभर गुण देऊन मोकळ्या झाल्या होत्या आणि वर हसल्या होत्या. त्यांना वाटलं, उठावं आणि तो तक्ता भिंतीवरून ओरबाडून काढावा. पण तक्त्याचा काय दोष, त्यांनी स्वतःला दटावलं.

तेवढ्यात आई आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, केस विस्कटलेले, धाप लागलेली. मावशींनी तिला फोटो दाखवला, सावली दाखवली, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती दुखत नाही म्हणत गेली आणि मी जोर लावत गेले. अंग वेगळं सांगत होतं, मी बोटावर विसंबले."

"म्हणजे दुखत होतं तिला?"

"तिलाच विचारूया." मावशींना घाई करायची नव्हती, पण तिघंही एका खोलीत होती, आणि असं पुन्हा जमून येईल याची खात्री नव्हती. त्यांनी फौजदाराला तक्त्यासमोर उभं केलं. "वाकवायचं नाही. हात आहे तसा असू दे. आत्ता किती दुखतंय?"

फौजदाराने बोट उचललं. पहिल्या तोंडावरून दुसऱ्यावर गेलं. तिसऱ्यावर थांबलं, पुढे निघालं. चौथं.

"बाबा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा धारदार निघाला, "तुम्ही रोज इथेच बसला होतात ना? तुमच्याही लक्षात आलं नाही?"

बोट थबकलं. मग उलटं फिरलं. तिसरं, दुसरं, पहिलं. हसऱ्या तोंडावर येऊन ते घट्ट दाबून बसलं, इतकं की नखाचं टोक पांढरं पडलं.

"गुदगुल्या होतात," फौजदार म्हणाली.

आई त्या बोटाकडे बघत राहिली. आजोबा उठले, डाव्या हाताने कोट उचलला. "मी बाहेर बसतो," ते पुटपुटले.

"तिने तुमचं फोनवरचं बोलणं ऐकलंय," मावशी आईला म्हणाल्या. "काकांकडे पाठवायचं." दुसऱ्याच्या घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची त्यांना लाज वाटली, पण आता लाजत बसायची वेळ नव्हती.

आईचा चेहरा उतरला. तिने ओळखपत्र गळ्यातून काढलं, हातात धरलं, पुन्हा गळ्यात घातलं. "बाबा, बसा," ती म्हणाली.

"अगं, मी इथेच दाराशी..."

"बसा म्हणते ना!" आणि मग अगदी वेगळ्या आवाजात, "बसा, बाबा. कुठेही जायचं नाहीये तुम्हाला." ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. "मी म्हणाले होते तसं. नुसतं रागात नाही, मनापासून म्हणाले होते. मला फार भीती वाटली होती, तू पडलीस तेव्हा. पण आजोबा आपल्याकडेच राहणार. तुला दुखलं तरी, आणि नाही दुखलं तरी."

"नक्की?"

"नक्की."

फौजदाराने हा शब्द तपासून पाहिला. मग मान वळवून मावशींकडे पाहिलं. "तू पण नक्की म्हणाली होतीस."

तू सांगितलंच नाहीस, हे मावशींच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "हो, म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आता तू सांगितलं नाहीस तरी मी थांबेन. अंगठे बघून."

मुलगी पुन्हा तक्त्याकडे वळली. बोट चाललं. या खेपेला कुणीही ब्र काढला नाही. आईने तर तोंडावर हातच धरला होता. दुसरं, तिसरं, चौथं ओलांडून बोट पाचव्या तोंडावर टेकलं आणि तिथेच राहिलं. आईच्या घशातून एक बारीक आवाज आला. फौजदाराने दचकून आधी आजोबांकडे पाहिलं. ते जागेवरच होते.

"शेवटचं नाही?" मावशींनी हळूच विचारलं.

"शेवटचं पडले तेव्हा होतं." आणि मग तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं, नाक वाहणारं, उचक्यांचं रडू. आईने तिला जवळ घेतलं. मावशींनी फक्त एकच केलं, तिचं डावं कोपर कुठे दाबलं जाणार नाही अशा बेताने खालून उशी सारली. ते अजून गरमच होतं. ती सावली विरेल की घट्ट होईल, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

रडणं ओसरल्यावर फौजदाराने बाहीला नाक पुसलं आणि आईच्या खांद्यावरून हुकूम सोडला, "आता आजोबांचं."

"माझं कशाला आता..."

"आजोबा."

आजोबा तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांचं बोट सवयीने हसऱ्या तोंडाकडे निघालं. मागून खाकरल्याचा आवाज आला. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, आणि बोट पुढे नेऊन चौथ्या तोंडावर ठेवलं.

फौजदार त्यांच्या चपलांकडे बघत होती.

"पाचवं," ती म्हणाली.

आजोबांनी बोट पाचव्यावर सरकवलं.